खातें कोणाचें?

मराठींतील 'खातें' हा शब्द हिशेबाच्या वहींतून आलेला आहे, आणि हिशेबाच्या वहीची पहिली शिस्त वेगळेपणाची असते. रोजकीर्दींत दिवसाचें सारें येणें-जाणें क्रमानें लिहिलें जातें. खतावणींत मात्र तेंच ज्याच्या त्याच्या नांवावर पडतें. घरखर्च घराच्या नांवावर, दुकान दुकानाच्या नांवावर. ज्या वाण्यानें मुलीच्या लग्नाचा खर्च गुळाच्या खात्यावर घातला, त्याची पेढी फार दिवस टिकत नाहीं, हें समजण्यास अर्थशास्त्राचा ग्रंथ उघडावा लागत नाहीं. राज्यकर्त्यांनींही ही शिस्त ओळखली होती. होळकरशाहींत 'खासगी' आणि 'दौलत' अशीं दोन निरनिराळीं खातीं होतीं. १७३४ मध्यें पेशव्यांनीं मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांस खासगीची जहागीर दिली. पुढें अहल्याबाईंनीं देशभर जे घाट बांधिले व जीं देवळें उभारिलीं, त्यांचा खर्च मुख्यतः या खासगींतून झाला. दौलत राज्याची आणि खासगी आपली, ही रेघ ज्यांनीं पुसूं दिली नाहीं त्यांचें नांव आजही घरोघर आदरानें घेतलें जातें.

हा जुना शब्द आतां मोबाईलवर गेला आहे. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप यांवर ज्याला त्याला 'खातें' असतें. आणि तें 'वैयक्तिक' असावें कीं 'व्यावसायिक' असावें, अशी निवड वापरणाऱ्यापुढें ठेवलेली असते. बहुतेक लोक ही एक क्षुल्लक तांत्रिक बाब समजून ती बोटानें पुढें सारतात. माझें म्हणणें असें आहे कीं, हा प्रश्न तांत्रिक नाहीं. तो नीतीचा आहे. बोलणारा मनुष्य आप्त म्हणून बोलतो आहे कीं विक्रेता म्हणून, हें ऐकणारास आधीं कळलें पाहिजे. आणि ज्या समाजांत हें कळेनासें होतें, त्या समाजांत आप्ताचा शब्दही हळूहळू विकाऊ ठरतो.

हें मला पुस्तकांतून समजलें नाहीं. माझें मूळ गांव बुलढाणा जिल्ह्यांत, मेहकर तालुक्यांतील जानेफळ. नोकरीमुळें तीस वर्षें मी बाहेर आहें. पण शेत अद्याप तेथें आहे आणि तें माझा चुलतभाऊ पाहतो. दोन वर्षांपूर्वीं सोयाबीन फुलावर असतांना त्यानें पीकवाढीचें एक औषध आणून फवारलें. आमच्याच भाऊबंदांतील एका तरुणाच्या खात्यावर त्यानें त्याचें छायाचित्र पाहिलें होतें. तो तरुण शेतांत उभा, मागें कमरेएवढें पीक, आणि खालीं मजकूर असा कीं, हें मीं स्वतः वापरलें व मला गुण आला. त्याच खात्यावर त्याच्या आजीच्या तेराव्याची सूचना होती, मुलीच्या बारशाचें छायाचित्र होतें, पंढरीच्या वारींतला फोटो होता. औषधाचा कांहीं गुण आला नाहीं. तें असो, शेतींत सारेच उपाय लागू पडतात असें नाहीं. परंतु पुढें कळलें कीं छायाचित्रांतील पीक त्या औषधावर वाढलेलें नव्हतेंच, आणि गांवांत जितक्या बाटल्या खपतील तितकी दलाली त्या तरुणास मिळत होती. मीं भावास रागावून विचारलें कीं, निदान चौकशी तरी कां केली नाहींस? तो म्हणाला, "दादा, आपल्या मानसानं सांगतलं म्हून घेतलं. दुकानदारानं सांगतलं असतं, तर दहा जागी इचारलं असतं."

या दोन वाक्यांत सारा विषय आला आहे. माझा भाऊ भोळा नाहीं. बियाण्याची पिशवी घेतांना तो तिची चिठ्ठी पाहिल्यावांचून पैसे देत नाहीं. प्रमाणित बियाण्याची चिठ्ठी निळी, पायाभूत बियाण्याची पांढरी, आणि विकणाऱ्यानें स्वतःच्या जबाबदारीवर बाजारांत आणलेल्या सत्यदर्शक बियाण्याची हिरवी, हें त्याला तोंडपाठ आहे. सोयाबीनची उगवण किमान ७० टक्के असली पाहिजे, हेंही त्याला ठाऊक आहे. २०२० च्या खरिपांत सोयाबीन उगवलें नाहीं म्हणून महाराष्ट्रभर तक्रारी झाल्या. तेव्हां ज्यांच्यापाशीं पावती आणि चिठ्ठी होती, त्यांच्या तक्रारीला निदान तोंड तरी होतें. अशा रीतीनें विक्रेत्यापुढें तो सावध असतो. आप्तापुढें मात्र तो सावध नसतो, आणि नसावाही. कारण जेथें प्रत्येक शब्द तपासून घ्यावा लागतो त्याला कोणी नातें म्हणत नाहीं. म्हणून जो व्यापारी आप्ताचें सोंग घेतो, तो केवळ खोटी जाहिरात करीत नाहीं. ऐकणाराची सावधगिरी ज्या विश्वासापोटीं बाजूला ठेवलेली असते, तो विश्वासच तो दुकानांत मांडतो. आणि तो विश्वास त्याच्या एकट्याच्या मालकीचा नसतो.

आतां या दोन प्रकारच्या खात्यांत भेद काय आहे, तें पाहूं. फेसबुकवरील वैयक्तिक खात्यास पांच हजार मित्रांची मर्यादा आहे. धंद्यासाठीं २००७ पासून जीं निराळीं 'पानें' निघालीं, त्यांस अनुयायांची अशी मर्यादा नाहीं व त्यांच्या नांवानें जाहिरात विकत घेतां येते. इन्स्टाग्रामनें २०१६ मध्यें व्यावसायिक खातीं सुरू केलीं. वैयक्तिक खात्याचें दार लावून घेतां येतें व ओळखीच्या माणसांसच आंत घेतां येतें, परंतु व्यावसायिक खात्याचें दार नेहमीं सताड उघडें राहतें. व्हॉट्सॲपची धंद्यासाठीं निराळी आवृत्ति जानेवारी २०१८ मध्यें आली. तींत दुकानाचें नांव, पत्ता, वेळ व मालाची यादी देतां येते. मात्र एकच क्रमांक साध्या व धंद्याच्या अशा दोन्ही आवृत्त्यांवर एकाच वेळीं चालत नाहीं. येथें आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. दोन व्यक्तींमधील निरोप त्या दोघांवांचून कोणास वाचतां येत नाहीं. परंतु पेढीस पाठविलेला निरोप त्या पेढीचे अनेक नोकर, व पेढीनें या कामासाठीं नेमलेली तिसरी संस्थाही वाचूं शकते. म्हणजे आपण कोणत्या प्रकारच्या खात्याशीं बोलतों आहों, हें न पाहणारा मनुष्य घरांत कुजबुजतों आहें असें समजून चव्हाट्यावर बोलत असतो.

ही भिंत कंपन्यांनीं कोणासाठीं बांधली? ग्राहकाच्या हितासाठीं असें ज्यास वाटत असेल, त्यानें त्यांचा जमाखर्च पाहावा. फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप हीं तिन्ही ज्या मेटा कंपनीचीं आहेत, तिचें २०२४ चें उत्पन्न सुमारें १६४ अब्ज डॉलर होतें, आणि त्यांतील १६० अब्जांहून अधिक रक्कम एकट्या जाहिरातींची होती. जाहिरात विकावयाची तर विकत घेणारा कोण हें कळलें पाहिजे. व्यावसायिक खात्याचा कंपनीच्या दृष्टीनें पहिला उपयोग हा आहे. वैयक्तिक खातें मुख्यतः व्यापारासाठीं चालवूं नये, असा दंडक प्रथम फेसबुकनेंच घातला होता. आणि २०२१ च्या अखेरीस त्याच फेसबुकनें वैयक्तिक खात्यासच कमाईची जोड देणारा 'प्रोफेशनल मोड' आणिला. ज्यानें भिंत बांधली त्यानेंच तींत खिंडार पाडलें, कारण भिंतीपेक्षां खिंडारांतून अधिक मिळूं लागलें. तेव्हां घर आणि दुकान यांमधील भेद राखण्याचें काम कंपनीवर सोंपवून आपण निश्चिंत राहणें, म्हणजे मांजराच्या गळ्यांत दुधाची किल्ली बांधण्यासारखें आहे.

माझ्या या म्हणण्यावर जानेफळांतच एका दुकानदारानें मला चांगलें सुनावलें, आणि त्याचा आक्षेप टाळण्यासारखा नाहीं. त्याचें म्हणणें असें कीं, घर निराळें आणि दुकान निराळें ही इंग्रजी शिकलेल्या लोकांची कल्पना आहे. खेड्यांत गिऱ्हाईक दुकानदाराच्या तोंडाकडे पाहून येतें. तो त्याच्या घरीं लग्नाला जातो, मयताला जातो, उधारीही त्याच ओळखीवर देतो. मग मोबाईलवर तेवढें दोन तोंडांनीं कां बोलावें?

आक्षेप खरा आहे; त्यांतून काढलेला निष्कर्ष खरा नाहीं. खेड्यांत मनुष्य एकच असतो, पण त्याची बसण्याची जागा एक नसते. तो गादीवर बसला कीं दुकानदार असतो आणि ओसरीवर आला कीं भाऊबंद असतो. दोहोंमध्यें एक उंबरठा असतो, व तो ओलांडतांना बोलणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची भाषा आपोआप बदलते. मयताला आलेला दुकानदार तिरडीजवळ उभा राहून तुरीचा भाव सांगत नाहीं. सांगेल तर गांव त्याला माणसांत धरणार नाहीं. मोबाईलवर हा उंबरठा नाहीं. तेथें आजीचें तेरावें आणि औषधाची बाटली एकाखालीं एक सरकत येतात. वाचणाराचें मन हळहळीनें मऊ झालेलें असतें, आणि पुढच्याच बोटास त्याच्या हातांत माल दिला जातो. तेव्हां खेड्याची चाल मोडतो तो कोण? दोन खातीं निराळीं ठेवा म्हणणारा मी, कीं उंबरठा उखडून टाकणारा तो?

आणि ही मागणी इंग्रजी पुस्तकांतून उचललेली आहे, असें तर वऱ्हाडच्या माणसानें मुळींच म्हणूं नये. कापसाच्या पेठेंत शेतकरी नाडला जात होता तो व्यापाऱ्याकडून जितका, तितकाच आपला हितकर्ता म्हणून पुढें येणाऱ्या दलालाकडून. १८९७ मध्यें वऱ्हाडांत कापूस व धान्याच्या बाजारांसाठीं कायदा झाला. बाजार नियंत्रित करणारा या देशांतील हा पहिला कायदा म्हणून ओळखला जातो. त्यानें दलाल व मापारी यांस परवान्याखालीं आणिलें. त्या कायद्यांत उणिवा पुष्कळ होत्या. परंतु त्यामागील तत्त्व स्वच्छ होतें. दलाली करणें हा गुन्हा नव्हे; दलाल असून दलाल नसल्यासारखें वावरणें हा गुन्हा होय. सव्वाशे वर्षांपूर्वीं खामगांव-अकोल्याच्या पेठांत जें आपल्या आजोबा-पणजोबांना समजलें, तें मोबाईल हातीं येतांच आपण विसरावें काय?

दुसरा आक्षेप अधिक करुण आहे. लहान धंदेवाला म्हणतो कीं, व्यावसायिक खातें उघडलें म्हणजे कंपनी माझा मजकूर लोकांपुढें नेत नाहीं. पैसे भरा, मग नेऊं, असें म्हणते. वैयक्तिक खात्यावर मात्र तोच मजकूर फुकट चार माणसें पाहतात. यांत तथ्य आहे. जानेवारी २०१८ मध्यें फेसबुकनें जाहीरच केलें कीं, यापुढें मित्र व कुटुंबीय यांचा मजकूर वर आणला जाईल आणि धंद्यांच्या पानांचा कमी दिसेल. ज्याच्याजवळ जाहिरातीस पैसा आहे त्याचें यांत फारसें बिघडलें नाहीं. ज्याच्याजवळ नाहीं तो मित्र-कुटुंबियांच्या रांगेंत शिरला. त्या धंदेवाल्याची अडचण मला कळते आणि तिचा दोष मी कंपनीच्या पदरांत घालतों. परंतु बाजारांत बसावयास जागा महाग झाली म्हणून देवळांत दुकान मांडावें, हें उत्तर होऊं शकत नाहीं. शिवाय उपाय त्याच्या हातांत आहे आणि तो फुकट आहे. वैयक्तिक खात्यावर माल विकावयाचाच असेल तर पहिल्याच ओळींत लिहावें: ही जाहिरात आहे, माल माझा आहे, किंवा मला यांत दलाली मिळते. एवढें एक वाक्य लिहिल्यानें ज्याचा माल खपत नाहीं, त्याचा माल आजवर कशाच्या जोरावर खपत होता, हें त्यानेंच मनाशीं विचारावें.

कायदा या बाबतींत झोपलेला नाहीं. २३ जुलै २०२० च्या ई-वाणिज्य नियमांत विक्रेत्यावर आपली ओळख व पत्ता उघड करण्याची जबाबदारी आहे. त्याच नियमांनीं एक सूटही दिली आहे: व्यक्तीनें खासगी नात्यानें केलेल्या व्यवहारास ते लागू नाहींत, मात्र तो व्यवहार नियमित किंवा पद्धतशीर चालणाऱ्या धंद्याचा भाग असतां कामा नये. घरांतील जुनी सायकल विकणारा मनुष्य व्यापारी नव्हे. दर आठवड्यास सायकल विकणारा व्यापारी होय, मग त्याच्या खात्यास कंपनी कांहींही म्हणो. खऱ्या भेदाची इतकी स्वच्छ खूण कोणत्याही कंपनीच्या बटणांत नाहीं. पुढें ९ जून २०२२ रोजीं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें फसव्या जाहिरातींसंबंधीं मार्गदर्शक तत्त्वें काढलीं, आणि जानेवारी २०२३ मध्यें समाजमाध्यमांवरून शिफारस करणाऱ्यांसाठीं ग्राहक व्यवहार खात्यानें एक पुस्तिका प्रसिद्ध केली. पैसा, भेटवस्तु, फुकट प्रवास, इतकेंच नव्हे तर नातें-गोतें असलें तरी तें उघड सांगावें, आणि ज्या भाषेंत शिफारस केली त्याच भाषेंत सांगावें, असें त्यांत आहे. म्हणजे मराठी मजकुराखालीं एखादा इंग्रजी शब्द बारीक अक्षरांत टाकून सुटका नाहीं. 'जाहिरात' असें मराठींतच लिहिलें पाहिजे. खोटी वा दिशाभूल करणारी शिफारस करणारास पहिल्या वेळीं दहा लाख व पुढें पन्नास लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यांत आहे. परंतु प्राधिकरणाची नजर पडते ती नटांवर व खेळाडूंवर. जानेफळच्या भाऊबंदांतील तरुणापर्यंत ती पोंचत नाहीं. त्याच्यापर्यंत पोंचण्याचें सामर्थ्य एकट्या लोकमतांत आहे, आणि लोकमत या बाबतींत अद्याप जन्मलेलेंच नाहीं. त्या तरुणानें काय चूक केली, हें गांवांतील कित्येकांस कळत नाहीं. 'हुशार पोरगा, घरबसल्या पैसा कमावतो' असें म्हणून ते त्याचें कौतुक करतात.

आतांपर्यंत मीं घरांत शिरलेल्या दुकानाविषयीं लिहिलें. पण या घोटाळ्याची दुसरी बाजू दुकानांत ओढल्या गेलेल्या घराची आहे, आणि तिचें दुःख बहुधा बायकांच्या वांट्यास येतें. प्रत्येक तालुक्यांत आज अशी एखादी मुलगी आहे, जी शिवणकाम करते, किंवा बचत गटाच्या पापड-कुरडया विकते. चार गिऱ्हाइकें मिळावींत म्हणून ती आपल्या जुन्या खात्यासच व्यावसायिक करून टाकते. दार उघडें पडतें, हें तिला कोणी सांगितलेलें नसतें. मग माहेरचे फोटो, लेकरांच्या शाळेचे फोटो, जे कांहीं पन्नास ओळखीच्या माणसांसाठीं होतें, तें सारें परक्यांपुढें मांडलें जातें. स्वतःचा क्रमांक लोकांच्या हातीं लागतो. रात्रीं-बेरात्रीं नको ते निरोप येतात. आणि दोष तिच्याच माथीं मारून घरचे लोक मोबाईल काढून घेतात. धंदा जातो आणि मुभाही जाते. तिला कोणी आधींच सांगितलें असतें कीं, बाई, दुकानासाठीं निराळें खातें उघड, निराळा क्रमांक घे, आणि घरच्या खात्याचें दार लावून ठेव, तर दोन्ही वांचलें असतें. म्हणून हा भेद सांभाळणें हें केवळ ग्राहकाचें संरक्षण नव्हे. तें विकणाऱ्याच्या घराचेंही संरक्षण आहे. आमच्या शाळा-महाविद्यालयांत संगणकाचे वर्ग भरतात, पण ही एक गोष्ट तेथें कोणी शिकवीत नाहीं.

हें लिहितांना मी स्वतः निर्दोष आहें असें भासविणें बरें नव्हे. कांहीं वर्षांपूर्वीं मीं संपादिलेलें एक पाठ्यपुस्तक निघालें, तेव्हां विद्यार्थ्यांच्या समूहावर 'अवश्य वाचावें असें पुस्तक' इतकेंच लिहून मीं त्याचें मुखपृष्ठ टाकलें. प्रत्येक प्रतीमागें मला मानधन मिळणार होतें, हें मीं लिहिलें नाहीं. विद्यार्थ्यांनीं पुस्तक घेतलें तें गुरुजींनीं सांगितलें म्हणून; विक्रेत्यानें सांगितलें असतें तर त्यांनींही दहा ठिकाणीं विचारलें असतें. माझ्यांत आणि त्या तरुणांत फरक असेल तर तो मालाचा आहे, वृत्तीचा नाहीं. आणि साहित्यिक मंडळींनींही हंसूं नये. एकमेकांच्या पुस्तकांविषयीं आपल्या खात्यांवर आपण जीं गौरवाचीं वाक्यें लिहितों, त्यांतील किती वाचकानें परीक्षण म्हणून वाचावींत आणि किती परतफेड म्हणून, हें आपण कधीं सांगितलें आहे काय? १८६७ च्या कायद्यानें या देशांतील प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचें व प्रकाशकाचें नांव घालणें सक्तीचें केलें, तेव्हांपासून छापील शब्दाला बाप असतो असें आपण मानीत आलों. मोबाईलवरच्या शब्दाचा बाप मात्र आपणच लपवूं लागलों आहों.

माझें मागणें मोठें नाहीं. जो नित्य विकतो त्यानें दुकानाचें खातें निराळें ठेवावें. ज्यास तें शक्य नाहीं त्यानें विकतांना विकतों असें म्हणावें. आणि जो ऐकतो त्यानें, बियाण्याच्या पिशवीची चिठ्ठी जशी उलटून पाहतो, तशी बोलणाऱ्याची चिठ्ठी पाहावी. माझा भाऊ आतां तसें करतो. गेल्या हंगामांत एका पाहुण्यानें त्याला कसल्याशा खताची माहिती मोबाईलवर दाखविली, तेव्हां त्यानें शांतपणें विचारलें, "हे घरचं सांगून राहिले का दुकानचं?" प्रश्न रास्त होता आणि विचारलाही योग्य रीतीनें. पण पाहुणा ओशाळला, भाऊही ओशाळला, आणि चहा होईपर्यंत दोघेही गप्प बसून राहिले. ज्या ओसरीवर हा प्रश्न विचारण्याची वेळ कधीं आली नव्हती, तेथें ती आली आहे. ती ज्यांनीं आणली, त्यांनीं कमावलेल्या दलालींत या गप्प बसण्याची किंमत कोणत्या खात्यावर लिहावयाची, हें त्यांनीं सांगावें.